सीरियल लाइनवरचा दिवा : कमी भाराच्या दर्शक मंडलांचा आढावा

काट्यावर उसाचा ट्रॅक्टर उभा आहे, खोलीतल्या इंडिकेटरवर आकडा स्थिर झाला आहे आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर मात्र वजन येत नाही. मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यातल्या साखर कारखान्याचं आवार असो, लातूरच्या डाळ मिलचं फाटक असो की नांदेडच्या नव्या मोंढ्याकडचा धर्मकाटा असो, ऐन हंगामात ही तक्रार आल्याशिवाय राहत नाही. मागे गाड्यांची रांग वाढत असते, ऊस वाळत असतो आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतात. दुरुस्तीला आलेल्या माणसाला तेव्हा एवढंच कळायला हवं असतं की इंडिकेटर पाठवत नाही, केबल तुटली आहे, की कॉम्प्युटर ऐकत नाही. हे सांगायला लाइनवर एक दिवा लावायचा, ही कल्पना सीरियल पोर्टाइतकीच जुनी आहे. पण तो कसा लावायचा याची उत्तरं बरीच आहेत आणि त्यातली सगळीच चांगली नाहीत. काही दिवे लाइन बघता बघता तिलाच आजारी पाडतात. या सगळ्या उत्तरांचा इथे एकत्र विचार करायचा आहे.

आजच्या लॅपटॉपला नऊ पिनांचा पोर्ट दिसत नाही, म्हणून हा विषय संपला असं शहरातल्या वाचकाला वाटेल. मराठवाड्यात तो संपलेला नाही. वे-ब्रिजच्या लोडसेलकडून आलेला सूक्ष्म सिग्नल इंडिकेटर आकड्यात बदलतो आणि आरएस-२३२च्या तीन तारांवरून कॉम्प्युटरला पाठवतो. दूध संकलन केंद्रावरचा काटा, कारखान्याच्या प्रयोगशाळेतली उपकरणं, कित्येक जुने पीएलसी अजून याच भाषेत बोलतात. वजनकाट्याची एक जादा अडचण म्हणजे इंडिकेटरवर वैधमापन विभागाचं सील असतं. ते तुटलं की पुन्हा पडताळणी होऊन मोहोर लागेपर्यंत काटा व्यवहारात वापरता येत नाही. म्हणजे आत हात घालून तपासणं बाद. जे काही बघायचं ते बाहेर, केबलवरच बघायचं आणि केबलवरचा मजकूर तसूभरही न बदलता बघायचं.

आधी लाइनची ताकद किती असते ते पाहू. आरएस-२३२-सी हे प्रमाण १९६९चं. त्यात तर्काची दोन टोकं शून्य आणि पाच व्होल्ट अशी नाहीत. स्पेस (शून्य) म्हणजे धन आणि मार्क (एक) म्हणजे ऋण. पाठवणाऱ्याने ३ ते ७ किलोओहमच्या भारावर निदान ५ व्होल्ट द्यायचे आणि घेणाऱ्याने ३ व्होल्टपर्यंत ओळखायचे, ही त्यातली वाटणी. मधले २ व्होल्ट म्हणजे गोंगाट, लांब केबल आणि ग्राउंडमधला फरक यांच्यासाठी ठेवलेली शिल्लक. लाइन मोकळी असताना ती मार्कवर, म्हणजे ऋण व्होल्टेजवर उभी असते. दर्शक मंडलाचा अर्धा अभ्यास या एका गोष्टीत आहे आणि अनेकांकडून नेमकी तीच निसटते.

घेणाऱ्या चिपचा अंतर्गत रोध सहसा ५ किलोओहम असतो. लाइनवर ८ व्होल्ट असतील तर ती १.६ मिलिअँपिअर ओढते. पाठवणारी चिप यापेक्षा फार जास्त देण्यासाठी बनवलेलीच नसते. जुन्या कॉम्प्युटरमध्ये १४८८ नावाची ड्रायव्हर चिप असे. तिला मागून थेट अधिक-उणे १२ व्होल्टचा सप्लाय मिळे आणि ती शॉर्ट झाली तरी १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह देऊन थांबे. १९८७मध्ये मॅक्सिम कंपनीची मॅक्स२३२ आली आणि चित्र बदललं. ही चिप एकट्या ५ व्होल्टवर चालते आणि अधिक-उणे व्होल्टेज आतल्या आत, चार कपॅसिटरांच्या चार्ज पंपाने तयार करते. सोय मोठी, पण पंपाची ताकद बेताची. गल्लीतल्या बारीक नळाला एकाने मोटर लावली की पुढच्या घरांचं पाणी बसतं, तसं या पंपाचं होतं. चिपमधले दोन्ही ड्रायव्हर त्याच एका पंपावर असल्यामुळे एका लाइनवर जड दिवा टांगला की दुसऱ्या लाइनचंही व्होल्टेज खाली येतं.

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात पसरलेलं मंडल म्हणजे लाइन आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक रेझिस्टर आणि लाल-हिरवा दुरंगी एलईडी. बाजारात मिळणाऱ्या छोट्या टेस्टरमध्ये हेच असतं : दोन्ही बाजूंना कनेक्टर आणि मध्ये सात दिवे. त्यात वेगळा सप्लाय लागत नाही, म्हणून तो लोकप्रिय झाला. साधा एकरंगी एलईडी लावणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळायलाच हवं. एलईडी उलट्या दिशेने सहसा ५ व्होल्टपर्यंतच सहन करतो आणि ही लाइन तर बहुतेक वेळ ऋण असते. उलट दिशेने १एन४१४८ डायोड जोडला नाही तर दिवा हळूहळू मरतो. तोवर तो काय दाखवेल याचाही भरवसा नसतो.

आता हिशेब. लाइनवर ८ व्होल्ट आणि एलईडीवर २ व्होल्ट धरले तर १ के रेझिस्टरमधून ६ मिलिअँपिअर जातील. घेणाऱ्या चिपचे १.६ धरून बेरीज साडेसातच्या वर जाते. १४८८ने हे कसंबसं सोसलं असतं. मॅक्स२३२चा पंप इथे बसतो आणि ८चे साडेपाच झाले तर गोंगाटासाठीची शिल्लक ५ व्होल्टवरून अडीचवर येते. अनेक जुनी सर्किटं १ के किंवा २.२ के दाखवतात, कारण ती १४८८च्या काळातली आहेत आणि मंद एलईडींच्याही काळातली. ती आजच्या पोर्टावर जशीच्या तशी उचलू नयेत. रेझिस्टर ४.७ के केला तर दिव्याचा प्रवाह १.३ मिलिअँपिअर होतो. एकूण भार २.९ मिलिअँपिअर, म्हणजे जवळपास २.८ किलोओहम. प्रमाणाची ३ किलोओहमची सीमा इथेही थोडी ओलांडलेलीच आहे. १० के घेतला तर दिव्यातून ०.६ मिलिअँपिअर जातात, एकूण भार साडेतीन किलोओहमच्या वर राहतो आणि आपण नियमात बसतो. आजचे हिरवे आणि पांढरे एलईडी अर्ध्या मिलिअँपिअरवरही खोलीत स्पष्ट दिसतात. उघड्या काट्याशेजारी एप्रिलच्या उन्हात ते दिसणार नाहीत, पण काट्याच्या खोलीत दिसतील. थेट एलईडी लावायचाच तर १० के ही मी किमान मर्यादा मानतो.

जड दिव्याचा याहून वाईट दोष म्हणजे तो निदानाची दिशाभूल करतो, आणि तीही दोन उलट दिशांनी. एक म्हणजे काठावर चालणारी लाइन दिवा लावताच बंद पडते आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो. दुसरी दिशा जास्त फसवी. सीटीएससारखी एखादी लाइन कुठेच जोडलेली नसते, अधांतरी असते आणि शेजारच्या तारांचा गोंगाट उचलत असते. टेस्टर लावला की त्याच्या रेझिस्टरमुळे ती ग्राउंडकडे ओढली जाते, गोंगाट थांबतो आणि काटा सुरळीत चालू लागतो. टेस्टर काढला की तक्रार परत. ‘तुम्ही आलात की नीट चालतो, गेलात की बंद पडतो’ हे वाक्य काट्यावर काम करणाऱ्या कुणालाच नवीन नसेल. त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

तिसरा धोका पोर्टावर जगणाऱ्या उपकरणांचा. आरएस-२३२ला आरएस-४८५मध्ये बदलणाऱ्या कित्येक छोट्या डब्यांना अॅडॅप्टर नसतो. ते डीटीआर आणि आरटीएस या लाइनींवरूनच वीज घेतात, पूर्वीचा सीरियल माउस घ्यायचा तसा. त्याच लाइनींवर आपण दिवे लावले तर डब्याचा घास आपण पळवला. हा डबा साखळीत असेल तर डीटीआर-आरटीएसवर थेट एलईडी लावू नये, १० केचाही नाही.

पुढची पायरी म्हणजे दिव्याला स्वतःचा सप्लाय देणं आणि लाइनकडून फक्त इशारा घेणं. बीसी५४७च्या बेसला १०० केचा रेझिस्टर लावला तर ८ व्होल्टवर लाइनमधून ७३ मायक्रोअँपिअर जातात आणि दिव्याचे २ मिलिअँपिअर आपल्या सप्लायमधून येतात. इथेही ऋण व्होल्टेजचा विसर पडून चालत नाही. बीसी५४७चा बेस-एमिटर जोड उलट दिशेने ६ व्होल्टच सोसतो, म्हणून एमिटरकडून बेसकडे एक १एन४१४८ हवा. कॉलेजच्या प्रोजेक्टांमध्ये नेमका हा डायोड गाळलेला असतो, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. १०० के आहे म्हणून ट्रान्झिस्टर लगेच जळत नाही, पण त्याचा गेन पुढे खालावत जातो. सीएमओएसची ४०१०६ ही श्मिट इन्व्हर्टर चिप हाच मार्ग जास्त नेटका करते : एका चिपमध्ये सहा लाइनी, प्रत्येकीला १०० के आणि दोन क्लॅम्प डायोड. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती चालते आणि भार नगण्य असतो.

कुणी म्हणेल की मग मॅक्स२३२चाच एक रिसीव्हर समांतर का जोडू नये? आरएस-२३२ वाचण्यासाठीच तर तो बनवलेला आहे. पण त्याचा स्वतःचा रोध ५ किलोओहम. असे दोन रिसीव्हर समांतर आले की अडीच किलोओहम उरतात, म्हणजे प्रमाणाबाहेर. बहुतेक वेळा काम चालतं, पण त्याला कमी भाराचं मंडल म्हणता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. वरच्या ट्रान्झिस्टर आणि सीएमओएस मंडलांनी भाराचा प्रश्न सोडवला, पण ती दोनच गोष्टी सांगतात : लाइन धन आहे किंवा नाही. ‘नाही’मध्ये दोन अगदी वेगळ्या अवस्था दडलेल्या असतात. लाइन ऋण व्होल्टेजवर निरोगी उभी आहे, ही एक. लाइन तुटलेली आहे आणि शून्यावर लोळते आहे, ही दुसरी. खुद्द रिसीव्हर चिपलाही हा फरक कळत नाही. १४८९ असो की मॅक्स२३२, त्यांचा प्रत्यक्षातला उंबरठा शून्य आणि २ व्होल्टच्या मध्ये, म्हणजे धन बाजूला असतो. त्यामुळे तुटलेली लाइन त्यांना मोकळ्या मार्कसारखीच दिसते. कॉम्प्युटर निवांत वाट बघत बसतो, चूक दाखवत नाही. म्हणून दर्शकाने तीन अवस्था वेगळ्या दाखवल्या पाहिजेत : धन, ऋण आणि यापैकी काही नाही. कमी भार ही दर्शकाची पहिली अट असेल, तर ही दुसरी. पहिलीवर भरपूर लिहिलं गेलं आणि दुसरी दुर्लक्षित राहिली, ही या विषयातली मोठी उणीव आहे असं मला वाटतं.

साध्या दुरंगी एलईडीत मात्र हा गुण आपोआप आहे. हिरवा, लाल किंवा विझलेला अशा तीन अवस्था तो दाखवतो. म्हणूनच जड असूनही तो टिकला. आपल्याला हवा आहे त्याचा हा गुण आणि सीएमओएसचा हलकेपणा, दोन्ही एकत्र. त्यासाठी मला सर्वांत पटलेलं मंडल एलएम३३९ या चार कंपॅरेटरच्या चिपवर उभं राहतं. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या ओळीत जोडून अधिक-उणे ९ व्होल्ट करायचे. त्यांचा मधला जोड हेच आपलं ग्राउंड आणि तेच पाच नंबरच्या पिनला जातं. लाइनपासून ३३० के, मग तिथून ग्राउंडला १०० के. या दोघांच्या जोडावर लाइनच्या व्होल्टेजचा सुमारे २३ टक्के भाग मिळतो. हा जोड दोन कंपॅरेटरांना द्यायचा. संदर्भ व्होल्टेजसाठी दोन १एन४१४८, एकाला धन बाजूने आणि दुसऱ्याला ऋण बाजूने रेझिस्टरमधून थोडा प्रवाह द्यायचा. प्रत्येकावर साधारण ०.६५ व्होल्ट पडतात. त्यांच्याशी तुलना केली की लाइनवर अधिक-उणे २.८ व्होल्टचा उंबरठा तयार होतो, म्हणजे प्रमाणाच्या ३ व्होल्टच्या अगदी जवळ. बॅटरी ९वरून ७वर आली तरी डायोडवरचं व्होल्टेज फारसं हलत नाही, म्हणून संदर्भाला साधा विभाजक न घेता डायोड घेतला. उन्हाळ्यात खोली ४५ अंशांवर गेली तर उंबरठा २०० मिलिव्होल्टच्या आसपास खाली येईल. ते चालण्यासारखं आहे.

एलएम३३९चे आउटपुट फक्त खाली ओढणारे असतात. म्हणून एलईडी धन ९ व्होल्टकडून १० केमधून आउटपुटला जोडायचा. दीड मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो आणि दिवा नीट दिसतो. लाइनवर १२ व्होल्ट असताना हे मंडल तिच्याकडून फक्त २८ मायक्रोअँपिअर घेतं. रिसीव्हर चिप घेते त्याचा ऐंशीवा भागही नाही. लाइन १५ व्होल्टवर गेली तरी चिपच्या पायावर साडेतीनच व्होल्ट येतात, त्यामुळे वेगळे क्लॅम्प लागत नाहीत. बॅटरी बंद असताना डबा लाइनला जोडलेला राहिला तरी ३३० केमुळे काही बिघडत नाही. वेगाचा प्रश्न येतो तो संदर्भाच्या नाही, जोडाच्या बाजूला. ३३० के आणि १०० के समांतर मिळून ७७ के होतात. चिपच्या पायाचा आणि ट्रॅकचा कपॅसिटन्स १० पिकोफॅरड धरला तर विलंब एका मायक्रोसेकंदाच्या आतच राहतो. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा आणि ११५२००ला ८.७चा असतो, त्यामुळे दोन्ही वेग यात बसतात. एलएम३२४ घरात पडलेली आहे म्हणून ती वापरू नये. ती ऑप-अॅम्प आहे, तिचा वेग मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट, वरच्या बॉडला ती मागे पडते.

बांधणीतली एक बारीक गोष्ट मोठा फरक पाडते. ३३० के रेझिस्टर डब्यात न ठेवता कनेक्टरच्या टोपणात, लाइनच्या अगदी जवळ लावायचा. आरएस-२३२च्या लाइनवर केबलसकट २५०० पिकोफॅरडपर्यंतच कपॅसिटन्स धरलेला आहे आणि काट्यापासून ऑफिसपर्यंतची लांब केबल तो आधीच खाऊन बसलेली असते. रेझिस्टर टोपणात असला की डब्याच्या वायरचा कपॅसिटन्स लाइनला दिसतच नाही. मात्र तो ७७ केच्या मागे येतो, म्हणून डब्याची वायर हातभरच ठेवावी.

आता हा डबा काट्यावर कसा वाचायचा. तीन तारा असतात : दोन, तीन आणि पाच. कॉम्प्युटरच्या कनेक्टरवर दोन नंबरला इंडिकेटरचं पाठवणं येतं, तीनवर कॉम्प्युटरचं जातं आणि पाच ग्राउंड. ऋणाला हिरवा आणि धनाला लाल धरू. बाजारातल्या टेस्टरवर रंग उलटे असू शकतात, म्हणून चालू असलेल्या पोर्टावर ते एकदा तपासून घ्यावेत. दोन्ही लाइनींवर स्थिर हिरवा दिसला तर दोन्हीकडचे ड्रायव्हर जिवंत आहेत आणि तारा जागेवर आहेत. इंडिकेटर काही पाठवत नाही एवढंच. तो बहुधा बटण दाबल्यावरच पाठवण्याच्या सेटिंगवर गेला असेल. दोनवर हिरव्यासोबत लाल लुकलुकतो, तरी कॉम्प्युटरवर काही नाही, तर वायरिंगला हात लावू नये. बॉड, पॅरिटी आणि पोर्ट नंबर बघावा. यूएसबीची पिन दुसऱ्या खाचेत गेली की विंडोज नवा कॉम नंबर देतं आणि काट्याचं सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट बघत राहतं. तीनवर हिरवा आणि दोन पूर्ण अंधारात असेल तर इंडिकेटरकडची तार तुटली आहे किंवा केबल चुकीची जोडून दोन्ही पाठवणारे एकाच तारेवर आले आहेत. टोपण काढून इंडिकेटरच्या बाजूला डबा लावला की यातलं कोणतं ते तिथल्या तिथे कळतं. दोनवर स्थिर लाल म्हणजे ड्रायव्हर अडकला किंवा मध्ये कुणी टीटीएलचा, म्हणजे शून्य-पाच व्होल्टचा, कन्व्हर्टर घातला.

कन्व्हर्टरांकडे तर हल्ली जास्तच लक्ष द्यावं लागतं. स्वस्त यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरांपैकी काही जण नाव आरएस-२३२चं सांगतात, पण लाइन मोकळी असताना ऋण व्होल्टेज देतच नाहीत, शून्यावर उभे राहतात. रिसीव्हरचा उंबरठा धन बाजूला असल्याने टेबलावर ते चालतात. आवारातल्या शंभर फूट केबलवर, शेजारी क्रेनची मोटर चालू-बंद होताना, ते रडतात. दोन अवस्थांचा दिवा अशा कन्व्हर्टरला पास करतो. तीन अवस्थांचा डबा मोकळ्या लाइनवर अंधार दाखवून तो लगेच पकडतो.

एक वर्ण ९६०० बॉडला एका मिलिसेकंदात संपतो. सतत पाठवणाऱ्या इंडिकेटरची लुकलुक डोळ्याला दिसते, पण कॉम्प्युटरने पाठवलेला एकटा वर्ण दिसेल याची खात्री नाही. त्यासाठी लाल दिव्याच्या मागे ५५५चा मोनोस्टेबल लावून पल्स ताणता येतो : १०० के आणि ०.४७ मायक्रोफॅरडला सुमारे ५० मिलिसेकंद मिळतात. ताणायचा तो फक्त लाल. हिरवा ताणला तर केबलच्या सैल पिनेमुळे क्षणभर जाणारी लाइन लपून जाईल, आणि काट्यावर बिघाड बहुतेक तिथेच असतो.

दोन बॅटऱ्यांचा आग्रह धरण्याचं कारण आपल्या जमिनीत आहे. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मार्च उजाडला की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. मीठ-कोळसा घालून पाणी टाकायचं राहून गेलं तर काट्याची खोली आणि ऑफिस यांच्या ग्राउंडमध्ये काही व्होल्टचा फरक पडतो, आणि आरएस-२३२चं ग्राउंड सामायिक असल्याने तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो. गळीत हंगामाची अखेर आणि कोरडी जमीन नेमकी एकाच वेळी येतात. अशा ठिकाणी अॅडॅप्टरवर चालणारा, त्यातून लॅपटॉपला जोडलेला दर्शक म्हणजे ग्राउंडचा तिसरा रस्ता. बॅटरीवरचा डबा कुठेच जोडलेला नसतो, तो नवा रस्ता उघडत नाही.

ग्राउंड वेगळं ठेवण्यासाठी ऑप्टोकपलरची शिफारस नेहमी होते, पण त्याची किंमत भारात मोजावी लागते. ६एन१३९ अर्ध्या मिलिअँपिअरवर चालतो, हे कपलरांमध्ये फार चांगलं. तरीही १२ केच्या रेझिस्टरमधून लाइनला तेवढं द्यावंच लागतं आणि त्याच्या आतल्या एलईडीसाठी उलटा डायोडही लागतो. रिसीव्हरसह भार साडेतीन किलोओहमवर येतो. नियमात बसतं, पण काठावर. दिवसभर लावून ठेवायच्या आणि नोंद कॉम्प्युटरकडे नेणाऱ्या दर्शकालाच कपलर शोभतो. वळवाच्या विजांपासून मात्र हा डबा कुणालाही वाचवत नाही. त्याचं संरक्षण वेगळं करायला हवं आणि आभाळ भरून आलं की कनेक्टर काढून ठेवण्याची काट्यावरची जुनी सवय योग्यच आहे.

शेतकऱ्याला दिसावा म्हणून खोलीबाहेर जो मोठा आकड्यांचा डिस्प्ले लावतात, त्याची लाइन पुष्कळदा आरएस-२३२ नसते, २० मिलिअँपिअरचा करंट लूप असतो. तिथे हिशेब उलटा होतो. दर्शक समांतर न जोडता ओळीत जोडायचा आणि भार प्रवाहात न मोजता व्होल्टमध्ये मोजायचा. मोकळ्या लूपमध्ये पूर्ण प्रवाह वाहत असतो, म्हणून ओळीतला एक एलईडी सतत पेटलेला राहतो आणि तार तुटली की विझतो. तीन अवस्थांची खटपट इथे नाही. एलईडीला समांतर १५० ओहम लावले तर १३ मिलिअँपिअर तिकडून जातात, दिवा सातवर आरामात जळतो आणि उद्या तो उडाला तरी लूप तुटत नाही, फक्त ३ व्होल्ट पडतात. इतकं सोपं असूनही हा दिवा फार कमी डिस्प्लेंवर दिसतो, याची मला खंत वाटते. काटामारीच्या संशयाने आधीच अविश्वास असलेल्या आवारात बाहेरचा डिस्प्ले बंद पडला तर तो तारेमुळे की मुद्दाम, हे रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे.

आरएस-४८५वर एलईडी थेट लावायचा विचारही करू नये. दोन तारांमधला फरक भाराखाली दीड व्होल्टपर्यंत खाली येऊ शकतो, त्यावर दिवा पेटणार नाही आणि लाइनचा तोल बिघडेल. पाव भाराचा मॅक्स४८७सारखा ट्रान्सीव्हर फक्त ऐकण्यासाठी जोडून त्याच्या आउटपुटवर दिवा लावणं हा सरळ मार्ग आहे. बसवर असे १२८ बसू शकतात, आपला एक जास्त होत नाही.

आणि बोर्ड आपलंच असेल तर यातलं काहीच लागत नाही. दिवा टीटीएलच्या बाजूला, बफरच्या मागे लावावा. एफटी२३२आरसारख्या चिपमध्ये दिव्यासाठी वेगळे पाय दिलेलेच असतात. फक्त ८०५१च्या टीएक्सडी पायाकडून ग्राउंडला एलईडी लावू नये. तो पाय वर ओढताना मायक्रोअँपिअरमध्येच देतो. दिवा पेटत नाही आणि पुढच्या मॅक्स२३२ला ‘एक’ पोचत नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत, लातूरच्या बिडवे अभियांत्रिकीत आणि पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात शिकणारी मुलं उद्या याच काट्यांवर दुरुस्तीला जाणार आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एलएम३३९चा हा डबा मी त्यांना आवर्जून सुचवेन. भाग साधे आहेत, आणि डबा बरोबर झाला की नाही हे जवळच्या धर्मकाट्यावर एका दुपारी तपासता येतं.

दिवा काय सांगत नाही, तेही प्रोजेक्टच्या वहीत यायला हवं. उंबरठा २.८ व्होल्टवर असल्याने लाइन तीनवर आहे की नऊवर, हे त्याला कळत नाही. शिल्लक किती ते मल्टिमीटरच सांगतो. त्याचा रोध १ ते १० मेगाओहम, म्हणजे भारही या सगळ्यांत कमी. अडचण एवढीच की तो एका वेळी एकच लाइन बघतो आणि डेटा चालू असताना सरासरी दाखवतो. म्हणून काटा नवा बसला किंवा पडताळणी होऊन सील लागलं, की त्याच दिवशी लाइन मोकळी असताना दोन आणि तीन नंबरवर किती ऋण व्होल्ट आहेत ते मोजून, तारखेसकट खोलीतल्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवावं. हंगामाच्या मध्यावर उणे ८.४चे उणे ५.६ झालेले दिसले तर दिवा अजून हिरवाच असेल, पण केबल बदलायची की ड्रायव्हर, हे काटा बंद पडण्याआधी ठरवता येईल. वजन बरोबर आहे की नाही, हा प्रश्न यातल्या कोणत्याच दिव्याचा नाही. त्यासाठी प्रमाणित वजनं काट्यावर चढवावी लागतात.